माईक आपला, पण लगाम कुणाच्या हाती?

खान्देशातल्या आंबेडकरी तरुणांना आज गाण्याच्या साधनांची चणचण नाही. मोबाईल आहे, स्वस्तातला माईक आहे, यूट्यूबवर फुकट बीट मिळते, गल्लीतल्या एखाद्या मित्राने घरातच छोटा स्टुडिओ थाटलेला असतो. १४ एप्रिल जवळ आला की जळगाव, भुसावळ, चाळीसगाव, धुळे, शिरपूरकडून नवी भीमगीते, रिमिक्स आणि आता रॅपही येऊ लागतात. ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण या आनंदात एक प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणून तो इथे विचारतो. शब्द आपले, घाम आपला, ऐकणारा समाजही आपला. मग गाण्याची मालकी कुणाची?

प्रश्न पैशांचा आहे, पण नुसता पैशांचा नाही. गाण्यावर नाव कुणाचे लागते? त्यातला शब्द बदलायचा अधिकार कुणाला आहे? ते कुठे वाजेल आणि कुठे विकले जाईल हे कोण ठरवतो? पन्नास वर्षांनी कुणाला ते गाणे हवे असेल तर ते कुठे सापडेल? या चार प्रश्नांना मिळून मी मालकी म्हणतो. आणि माझे म्हणणे असे आहे की, आपण गायला शिकलो, लिहायला शिकलो, आता रॅपही करू लागलो. पण या चारपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर आपण अजून आपल्या हातात घेतलेले नाही.

चाळीसगावचा टांगा

मालकी आणि हुन्नर या दोन गोष्टी हातात नसल्या की काय होते, याचा धडा खुद्द बाबासाहेबांना आपल्या खान्देशातच मिळाला. १९२९ साली मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करायला एक समिती नेमली होती. बाबासाहेब तिचे सदस्य होते. खान्देशच्या दोन जिल्ह्यांचे काम त्यांच्याकडे आणि आणखी एका सदस्याकडे होते. ते काम आटोपल्यावर धुळ्याच्या लाईनीवरच्या एका गावात अस्पृश्यांवर टाकलेल्या बहिष्काराची चौकशी करून ते चाळीसगाव स्टेशनवर परतले. महारवाडा चालत जाण्याच्या अंतरावर होता. पण आपल्या माणसाला पायी न्यायचे हे लोकांच्या मनाला पटेना. टांगा ठरवायला गेले, तर एकही टांगेवाला महाराला बसवून टांगा हाकायला तयार होईना. शेवटी तोड निघाली ती अशी, की टांगा भाड्याने न्या, हाकणारा माणूस तुमचा आणा.

लोकांनी माणूस आणला. त्या बिचाऱ्याने आयुष्यात कधी टांगा हाकलेला नव्हता. कठडा नसलेल्या पुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, त्यांचा पाय मोडला, घोडा आणि टांगा खाली नदीत गेला. ही हकीकत त्यांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लिहून ठेवली आहे. बॅरिस्टर झालेल्या माणसापेक्षाही टांगेवाला स्वतःला वरचा समजतो, हा जातीचा माज त्यांनी त्यातून दाखवला. तो धडा आपण नेहमी सांगतो. पण त्याच प्रसंगात दुसराही धडा आहे. टांगा दुसऱ्याचा, लगाम धरायचे शिक्षण आपल्याला कुणी दिलेले नाही, आणि मान राखण्याची हौस मात्र मोठी. अशा वेळी मोडतो तो आपल्याच नेत्याचा पाय. टांगा हाकणाऱ्या त्या माणसाला मी दोष देत नाही. ज्याला शतकानुशतके लगामाला हात लावू दिला नाही, तो एका संध्याकाळीत टांगेवाला कसा होणार?

बाबासाहेबांना साधनांच्या मालकीचे मोल वृत्तपत्राच्या कामातून आधीच कळले होते. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाला तेव्हा पैसे मोजायची तयारी असतानाही ‘केसरी’ने त्याची जाहिरात छापली नाही. पुढे बाबासाहेबांनी स्वतःचा छापखाना उभा केला, भारत भूषण प्रिंटिंग प्रेस. लेख लिहिणारा आपला आणि छापणारा परका, ही अवस्था त्यांनी टिकू दिली नाही. आजच्या काळात छापखान्याच्या जागी स्टुडिओ आला आहे आणि वृत्तपत्राच्या जागी चॅनल. मग ही शिकवण गाण्याला का लागू करायची नाही?

मुक्ताईनगर, देशवंडी आणि नाव हरवलेले गीतकार

आपल्या जळगाव जिल्ह्यातले मुक्ताईनगर, जुन्या लोकांचे एदलाबाद. तिथले प्रतापसिंग बोदडे हे आंबेडकरी गीतांमधले फार मोठे नाव. वामनदादा कर्डकांचे ते शिष्य. त्यांनी लिहिलेली गाणी महाराष्ट्रभर वाजतात, लग्नात वाजतात, जयंतीत वाजतात. आता एक साधी परीक्षा घ्या. मिरवणुकीत डीजेपुढे नाचणाऱ्या दहा पोरांना विचारा, हे गाणे लिहिले कुणी? गायकाचे नाव काही जण सांगतील. डीजेवाल्याचे नाव तर सगळेच सांगतील, कारण तो दर दोन मिनिटांनी गाण्याच्या मध्येच स्वतःच्या नावाचा आवाज घुसवतो. गीतकाराचे नाव सांगणारा एखादा निघाला तर नशीब. तो गीतकार आपल्याच जिल्ह्यातला असला तरी हीच गत.

वामनदादांचे तरी काय वेगळे आहे? १५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्यात सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीला जन्म, अक्षरओळख झाली ती मोठेपणी मुंबईत, पहिले गाणे १९४३ सालचे, आणि १५ मे २००४ रोजी निधन. हजारो गाणी. खेड्यापाड्यांत, पायी, गाडीने, मिळेल त्या भाकरीवर त्यांनी चळवळ गावोगाव नेली. कॅसेटच्या जमान्यात भीमगीतांचा मोठा बाजार उभा राहिला. त्या बाजारात कंपन्या कमावल्या, दुकानदार कमावले, काही गायकांचेही बरे झाले. गीतकाराच्या वाट्याला सहसा शाल, नारळ आणि स्टेजवर दोन मिनिटांचा सत्कार आला. बाबासाहेबांनी शाहिराच्या एका जलशाला आपल्या दहा सभांच्या बरोबरीचे मानले, असे आपण दर जयंतीला सांगतो. मग दहा सभांचे काम करणाऱ्या माणसाचे नाव गाण्याखाली लिहायला आपला हात का आखडतो?

याच जळगावातले दुसरे उदाहरण पाहा. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी. लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात, घरात काम करताना त्यांनी ओव्या रचल्या. १९५१ साली त्या गेल्या आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक आले, कारण घरात मुलगा सोपानदेव कवी होता, गाणी टिपून ठेवलेली होती आणि प्रस्तावना लिहायला आचार्य अत्रे होते. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. ते योग्यच आहे. कष्टकरी बाईची प्रतिभा कुणीही नाकारू नये. पण त्यातून शिकायचे काय? गाणे थोर असले एवढ्याने ते टिकत नाही. ते टिपणारा, छापणारा आणि त्यावर नाव लिहिणारा माणूस लागतो. बहिणाबाईंच्याच काळात खान्देशातल्या महारवाड्यांत, भिल्लवस्त्यांत किती बायांनी जात्यावर काय काय रचले असेल? ते टिपायला त्या घरांत सोपानदेव नव्हते.

कॉम्प्टनचा पोरगा आणि ‘प्रोड्युसर’ नावाची वस्तू

आता आजच्या रॅपकडे येऊ. आपली पोरे अमेरिकेतल्या रॅपरांची नावे घेतात, त्यांच्यासारखी टोपी घालतात, हातवारे करतात. त्याची थट्टा करायची मला गरज वाटत नाही. अमेरिकेतल्या काळ्या जनतेशी आपले नाते जुने आहे. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकले. १९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस या काळ्या विचारवंताला पत्र लिहिले. १९७२ साली आपल्या पोरांनी ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन दलित पँथर उभी केली. त्याच न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात ११ ऑगस्ट १९७३ रोजी डीजे कूल हर्कच्या पार्टीत हिप-हॉपचा जन्म झाला, असे मानतात. तेव्हा रॅप घ्यायला हरकत नाही. फक्त टोपीवर थांबू नका, एवढेच माझे म्हणणे. त्या लोकांनी माईकच्या मागचे कोणते काम हातात घेतले, तेही पाहा.

उदाहरणाला डॉ. ड्रे घ्या. खरे नाव आंद्रे यंग. १९६५ साली लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनमध्ये जन्म. सुरुवात क्लबमध्ये डीजे म्हणून. पुढे ‘एन. डब्ल्यू. ए.’ हा गट, १९८८ चा ‘स्ट्रेट आउटा कॉम्प्टन’ हा अल्बम. त्यातले पोलिसी अत्याचारावरचे गाणे इतके झोंबले की १९८९ साली एफबीआयच्या अधिकाऱ्याने रेकॉर्ड कंपनीला नाराजीचे पत्र धाडले. पण मला सांगायचे आहे ते वेगळे. गाणी गाजत असतानाच, त्यातले बरेच शब्द लिहिणारा आइस क्यूब पैशांच्या हिशेबावरून गट सोडून गेला. पाठोपाठ ड्रेही बाहेर पडला. मग ‘डेथ रो’ या कंपनीत १९९२ चा ‘द क्रॉनिक’ केला. तिथेही जमले नाही तेव्हा १९९६ साली आपल्या हिश्श्यावर पाणी सोडून त्याने स्वतःची ‘आफ्टरमॅथ’ कंपनी काढली. पुढे एमिनेम, ५० सेंट यांची गाणी तिथूनच आली. जिमी आयोव्हीनबरोबर काढलेली हेडफोनची ‘बीट्स’ कंपनी २०१४ साली ॲपलने तीन अब्ज डॉलरना घेतली. त्याआधी २०१३ साली या दोघांनी सात कोटी डॉलर देऊन सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात कला, तंत्र आणि व्यवसाय एकत्र शिकवणारी शाखा सुरू केली होती.

इथे ‘प्रोड्युसर’ हा शब्द नीट समजून घ्या. आपल्याकडे प्रोड्युसर म्हटले की सिनेमाला पैसा लावणारा शेठ डोळ्यांपुढे येतो. रॅपमध्ये प्रोड्युसर म्हणजे बीट बांधणारा, आवाज कसा ऐकू यावा हे ठरवणारा, कुणाला गायला बोलवायचे आणि काय ठेवायचे, काय कापायचे ते ठरवणारा माणूस. ड्रे चांगला रॅपर आहे, पण त्याची ताकद माईकच्या मागे बसण्यात आहे. लगाम धरायचे शिक्षण त्याने घेतले, म्हणून दोनदा टांगा सोडूनही तो तिसरा उभा करू शकला.

याच माणसाची दुसरी बाजू लपवून मी तुम्हाला त्याचे गोडवे सांगणार नाही. १९९१ साली त्याने डी बार्न्स या स्त्री पत्रकाराला एका पार्टीत मारहाण केली. त्या खटल्यात त्याने आरोपाचा प्रतिवाद केला नाही. ज्या स्त्रियांना दुखावले त्यांची जाहीर माफी मागायला त्याला २०१५ साल उजाडावे लागले. त्या गटाच्या गाण्यांत बायांविषयी जी घाण भाषा आहे तीही काही अपघाताने आलेली नाही. हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडणाऱ्या बापाची आपण लेकरे आहोत. तेव्हा घ्यायचे ते कसब आणि मालकीची जाण. बाईला शिवी देऊन टाळी मिळवायची सवय तिथेच टाकून यायची. मधुरा घाणे, म्हणजे माही जी, ही महादेव कोळी समाजातली मुलगी मराठीत रॅप करते आणि आदिवासींचे प्रश्न मांडते. कडूबाई खरातांचा एकतारीवरचा आवाज मोबाईलवरून महाराष्ट्रभर गेला. या बायांचा मान ठेवायचा नसेल तर गाण्यात भीमाचे नाव घेऊन उपयोग नाही.

अरिवुचे काय झाले ते आठवा

कुणी म्हणेल, अमेरिकेच्या गोष्टी आपल्याला काय कामाच्या? मग आपल्या देशातले पाहा. तमिळनाडूचा दलित रॅपर अरिवु. आजीने सांगितलेल्या, मळ्यांत राबूनही भूमिहीन राहिलेल्या माणसांच्या कहाण्यांतून त्याने ‘एन्जॉय एन्जामी’ लिहिले. मार्च २०२१ मध्ये गाणे आले आणि देशाबाहेरही गाजले. त्याच वर्षी ‘रोलिंग स्टोन इंडिया’च्या मुखपृष्ठावर त्या गाण्याची गायिका झळकली आणि अरिवु गायब. पा. रंजित यांनी जाहीर सवाल केला, ओरड झाली, तेव्हा नंतर त्याला जागा मिळाली. २०२२ साली चेन्नईत बुद्धिबळ ऑलिम्पियाडच्या उद्घाटनात तेच गाणे अरिवुशिवाय सादर झाले. मग गाणे कुणाचे यावर तो आणि संगीतकार संतोष नारायणन यांच्यात जाहीर वाद झाला. आणि २०२४ साली खुद्द संतोष नारायणन यांनी सांगितले की, तीन वर्षांत या गाण्याची एक दमडीही आपल्यापर्यंत आलेली नाही. कोट्यवधी लोकांनी ऐकलेले गाणे, आणि ज्यांनी ते केले त्यांचे हात रिकामे!

आता महाराष्ट्र घ्या. २०२३ साली सत्तेवर टीका करणाऱ्या मराठी रॅपसाठी राज मुंगासे आणि उमेश खाडे या दोन तरुणांवर पोलिसांत गुन्हे दाखल झाले. पाहा गंमत! पैसे वाटायची वेळ येते तेव्हा गीतकाराचे नाव कुणाला आठवत नाही. गुन्हा नोंदवताना मात्र ते बिनचूक सापडते. जोखीम पुरी आपली आणि फायदा दुसऱ्याचा, हा वतनदारीतला जुनाच हिशेब आहे.

“समाजाच्या गाण्याचे पैसे कसले?”

या मुद्द्यावर आपल्यातलेच जुने कार्यकर्ते चिडतात, हे मला ठाऊक आहे. त्यांचे म्हणणे असे, की वामनदादांनी कधी मानधनाची घासाघीस केली नाही. भीमगीत समाजाचे आहे. त्यावर मालकी सांगणे म्हणजे चळवळीचा बाजार मांडणे. या म्हणण्यात तथ्य आहे आणि मी ते झटकून टाकणार नाही. विहारात, वस्तीत, मोर्च्यात कुणीही कुणाचेही भीमगीत म्हणावे. त्यावर कर बसला तर चळवळच मुकी होईल.

पण ‘समाजाचे’ आणि ‘बेवारस’ या दोन शब्दांत फरक आहे. गाव पाणी भरते ती विहीर समाजाची. जिच्यावर कुणीही येऊन पंप बसवतो आणि पाणी आपल्यालाच विकतो ती बेवारस. आपल्या गाण्यांचे नेमके हेच चालले आहे. कुणीतरी जुने भीमगीत उचलतो, खाली बीट घालतो, स्वतःच्या नावाने चढवतो आणि यूट्यूबच्या यंत्रणेत हक्क नोंदवतो. मग आपल्याच जयंतीचा व्हिडिओ आपण टाकला की त्यावर कॉपीराइटचा दावा येतो आणि जाहिरातीचे पैसे दावा करणाऱ्याकडे जातात. आपण मालकी सांगितली नाही म्हणून गाणे समाजाचे राहिले, असे झाले नाही. ते दुसऱ्याचे झाले.

म्हणून माझी मांडणी सरळ आहे. गायला मोकळे, विकायला परवानगी. चळवळीसाठी फुकट, धंद्यासाठी करार. आणि नाव मात्र दोन्हीकडे, प्रत्येक वेळी.

कायदा आपल्या बाजूने आहे, पण वाचणार कोण?

संविधान वाचा असे आपण सांगतो. थोडा कॉपीराइट कायदाही वाचू या. १९५७ चा हा कायदा गाण्याचे तीन वेगळे हक्क मानतो: शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. शब्दांचा पहिला मालक गीतकार, चालीचा संगीतकार. ध्वनिमुद्रणाचा कर्ता कोण? ज्याने ते करण्यासाठी पुढाकार घेतला आणि जबाबदारी उचलली, तो प्रोड्युसर. म्हणजे अमेरिकेत ड्रेला जे अनुभवाने शिकावे लागले, ते आपल्या कायद्यात लिहूनच ठेवले आहे.

शब्दांवरचा हक्क गीतकाराच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षे टिकतो. म्हणजे वामनदादांच्या शब्दांवरचा हक्क २०६४ पर्यंत जिवंत आहे. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर कलम १९ नुसार लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. तोंडी “घे रे भाऊ, वाजव” याने मालकी जात नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरतात. २०१२ साली या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली, तिच्यासाठी राज्यसभेत जावेद अख्तर यांनी आवाज उठवला होता. त्या दुरुस्तीमुळे गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला वाटा करार करूनही काढून घेता येत नाही. कलम ५७ तर याच्याही पुढे जाते. हक्क विकून टाकला तरी आपले नाव लावून घेण्याचा आणि आपल्या रचनेची मोडतोड होऊन बदनामी होत असेल तर ती रोखण्याचा अधिकार गीतकाराकडेच राहतो. रॉयल्टी गोळा करून वाटणारी आयपीआरएस ही गीतकार-संगीतकारांची संस्था १९६९ पासून मुंबईत आहे. आपल्या किती भीमगीतकारांची नावे तिथे नोंदलेली आहेत, हे प्रत्येक तालुक्याने आपापल्या गीतकाराच्या घरी जाऊन विचारावे.

मग करायचे काय?

नुसती तक्रार करून हा लेख संपवायचा नाही. खान्देशात उद्यापासून करता येतील अशी पाच कामे सांगतो.

एक, गाण्यांची वही. चाळीसगाव, पाचोरा, अमळनेर, साक्री, शिंदखेडा, शिरपूर, प्रत्येक तालुक्यात जुने शाहीर, गायन पार्टीतले म्हातारे, ओव्या म्हणणाऱ्या आज्या अजून आहेत. मोबाईलवर त्यांचा आवाज टिपा. रचना कुणाची, गाव कोणते, कुठल्या प्रसंगी म्हणत, हे शेजारी लिहा. अहिराणीत असेल तर अहिराणीतच लिहा, ‘शुद्ध’ करू नका. ज्यांची माहिती, त्यांची परवानगी आणि त्यांचे नाव, हा नियम स्वतःलाही लावा.

दोन, एका पानाचा करार. रेकॉर्डिंगच्या आधीच लिहून ठेवा: शब्द कुणाचे, चाल कुणाची, बीट कुणाची, आवाज कुणाचा, पैसे आले तर वाटा कसा. जिवलग मित्र असलात तरी लिहा. गाणे चालले नाही तर कागद वाया जाईल, पण चालले तर मैत्री वाचेल. इंटरनेटवरची ‘फुकट’ बीट घेतानाही तिच्या अटी वाचा. पुष्कळदा ती कमाई होईपर्यंतच फुकट असते.

तीन, नाव लावण्याचा रिवाज. व्हिडिओखाली पहिल्या ओळीत गीतकार, मग संगीतकार, मग बाकीचे. बाबासाहेब ३१ जुलै १९३७ रोजी धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर मुक्कामाला होते. त्या आठवणीने दर ३१ जुलैला तिथे भीमस्मृती यात्रा भरते आणि गाण्यांना ऊत येतो. या यात्रेत प्रत्येक गायकाने गाण्याआधी गीतकाराचे नाव माईकवरून सांगायचे, एवढा ठराव झाला तरी तो महाराष्ट्राला उदाहरण होईल.

चार, शिकणे. रेकॉर्डिंग, मिक्सिंग, बीट बांधणे ही विद्या आहे, आणि विद्येवाचून काय काय गेले ते जोतीबांनी आपल्याला सांगून ठेवले आहे. मुंबईत कुर्ल्याच्या नेझीने २०१४ साली एका आयपॅडवर काम भागवून ‘आफत’ काढले आणि नाव कमावले. पुण्याच्या ताडीवाला रोडचा एमसी स्टॅन स्वतःच्या बीट स्वतः बांधत वर आला. अमरावतीचा विपिन तातड आंबेडकरी विचार रॅपमधून मांडतो. तेव्हा मोठ्या शहराची आणि मोठ्या शेठची वाट पाहायचे कारण नाही. विहाराच्या अभ्यासिकेत एक संगणक, एक चांगला माईक, एक हेडफोन ठेवा. आठवड्यातून दोन दिवस शिकवा आणि त्यात मुलींना पहिली जागा द्या.

पाच, जयंती मंडळांचा हिशेब. डीजेच्या भिंतींवर एका रात्रीत किती पैसा जातो हे मंडळाच्या खजिनदाराला विचारा. मी डीजे बंद करा म्हणत नाही. त्या पैशांतला दहावा हिस्सा आपल्या तालुक्याच्या स्टुडिओला आणि एका हयात गीतकाराला द्या, एवढेच म्हणतो. पाच वर्षे हे केले तर भाड्याने आणलेला आवाज वाजवायची पाळी येणार नाही.

वामनदादांच्या आणि बोदडेंच्या पिढीने उपाशीपोटी गाणी दिली. त्यांच्याकडे साधने नव्हती, कायद्याचे ज्ञान त्यांच्यापर्यंत पोहोचू दिलेले नव्हते, तरी त्यांनी चळवळ थांबू दिली नाही. आपल्याकडे साधनेही आहेत आणि ज्ञानही हाताशी आहे. तरीही उद्या आपली गाणी परक्याच्या नावाने वाजली, तर दोष टांगेवाल्याला देता येणार नाही. पोरांनो, रॅप जरूर करा, जोरात करा. पण गाणे चढवण्याआधी एकमेकांना एवढे विचारा: याचा प्रोड्युसर कोण, आणि कागद कुठे आहे?

जय भीम!